दोन नॉबचे इंजिन वेल्डिंग मशीन आपल्या हाताला कसे बसवायचे

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीकडच्या शिवारात उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी आणि उसाच्या ट्रॉल्या अशी दोन्ही कामे चालतात. डिझेल इंजिनावरचे डीसी मशीन आहे, पुढे एक मोठा आणि एक लहान नॉब. रॉड जॉबला जवळजवळ टेकवूनच ओढायची सवय आहे. ६०१३ जातीचा रॉड बरा चालतो, पण ३.१५ मिमीचा ७०१८ रॉड चालता चालता मध्येच चिकटतो. म्हणून करंट वाढवला, तर उभ्या जोडावर रस खाली ओघळतो. आता हात बदलायचा की मशीन?

मशीन. ७०१८ ला आर्क आखूडच हवा, त्यामुळे हात मुळात बरोबर आहे. चुकते ते एवढेच की चिकटणे थांबवायला करंटचा नॉब फिरवला जातो. दुहेरी नॉबच्या मशीनवर या दुखण्याचा इलाज दोन्ही नॉब मिळून करायचा असतो.

आधी मशीन खरोखर त्या जातीचे आहे का ते बघा. इंजिन पूर्ण स्पीडला आणा, होल्डरमध्ये रॉड नको. मल्टिमीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या किंवा त्यावरच्या रेंजला ठेवून दोन्ही टर्मिनलवर लावा. लहान नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रीडिंग साठाच्या आसपासपासून नव्वदच्या आसपास असे ठळक हलले, तर लहान नॉब फील्डचा, म्हणजे जनरेटरचे चुंबकत्व बनवणाऱ्या वाइंडिंगचा, रिओस्टॅट आहे आणि तो ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे आर्क नसतानाचे रिकामे व्होल्टेज, बदलतो. मोठा नॉब करंटचे टप्पे बदलतो. व्होल्टेज जागचे हललेच नाही, तर लहान नॉब फक्त त्या टप्प्यातला करंट कमीजास्त करणारा आहे. अशा मशीनवर पुढचा उताराचा हिशेब लागू पडत नाही, स्पीड, केबल आणि ब्रशचे मात्र सगळे लागू पडते.

आता उतार म्हणजे काय. आर्क आखूड केला की आर्कवरचे व्होल्टेज पडते आणि करंट वाढतो. किती वाढतो, हे दोन नॉब मिळून ठरवतात. समजा दोन वेगवेगळ्या सेटिंगवर २५ व्होल्टच्या आर्कला १२० अँपिअरच मिळतात. पहिल्यात मोठा नॉब खालच्या टप्प्यावर आणि रिकामे व्होल्टेज ९०. दुसऱ्यात मोठा नॉब वरच्या टप्प्यावर आणि रिकामे व्होल्टेज ६०. सरळ रेषेने हिशेब केला तर असे दिसते: आर्क दाबून २० व्होल्टवर आणला, तर पहिल्यात करंट १२९ होतो, दुसऱ्यात १३७. आर्क लांबवून ३२ व्होल्ट केला, तर पहिल्यात १०७ राहतो, दुसऱ्यात ९६ वर येतो. रॉड पूर्ण टेकला, तर पहिल्यात १६६ अँपिअर, दुसऱ्यात २०६. मशीनची खरी रेषा थोडी वाकडी असते, पण फरकाचा अंदाज यावरून बरोबर येतो. केबलभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर दोन्ही वेळा १२०च दाखवतो, आणि हाताला मात्र दोन वेगळी मशीने लागतात. पहिल्यासारखे, करंट कमी हलणारे सेटिंग म्हणजे तीव्र उतार, दुसऱ्यासारखे म्हणजे सपाट उतार.

तुमचा ७०१८ इथेच अडकतो. या रॉडचा थेंब मोठा पडतो आणि पडताना क्षणभर रॉड व जॉब यांच्यात पूल बांधतो. तो पूल तोडायला त्या क्षणी जास्तीचा करंट मिळाला नाही, की रॉड तिथेच गोठून चिकटतो. ६०१३ चा थेंब बारीक असतो, त्याला हा धक्का लागत नाही, म्हणून त्याच सेटिंगवर तो गुण्यागोविंदाने चालतो. हात रॉड जवळजवळ टेकवून ओढणारा असेल, तर असे पूल आणखी वारंवार बांधले जातात. तेव्हा तुम्हाला वाढवायचा आहे तो टेकल्या क्षणीचा करंट, आणि चालू आर्कचा करंट आहे तेवढाच ठेवायचा आहे. लहान नॉब खाली घ्या, म्हणजे रिकामे व्होल्टेज ९० वरून ७५ च्या आसपास येईल, आणि मोठा नॉब एक टप्पा वर चढवा. मग तोच आर्क ठेवून क्लॅम्प मीटरवर करंट पूर्वीइतका येतो का ते पाहा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. नुसता एसीचा असेल तर डीसी केबलवर तो काहीच खरे दाखवणार नाही.

पण खाली जाताना एका जागी थांबायचे. ७०१८ ला रिकामे व्होल्टेज ६५-७० च्या खाली गेले की रॉड पेटायलाच कुरकुर करतो. यावरून दोन चिकटण्यांमधला फरक ओळखता येतो. सुरुवातीला चिकटतो आणि एकदा चालू झाला की व्यवस्थित जातो, तर रिकामे व्होल्टेज कमी आहे, इंजिन अजून स्पीडला आलेले नाही, अर्थिंग खराब आहे किंवा रॉड ओला आहे. सुरुवात छान होते आणि मध्येच चिकटतो, तर उतार फार तीव्र आहे, म्हणजे लहान नॉब वर आणि मोठा खाली राहिला आहे. पहिल्या दुखण्याला दुसऱ्याचे औषध दिले की ते वाढते.

मोठा नॉब किंवा पोलॅरिटीचा स्विच आर्क चालू असताना कधीही फिरवू नका. आतले कॉन्टॅक्ट एका ठिणगीत काळे पडतात, आणि तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर करंट थरथरतो. लहान नॉब चालू कामात फिरवला तरी चालतो. तो एखाद्या जागी आला की आर्क दचकतो असे जाणवले, तर रिओस्टॅटची तार किंवा घासणारा तुकडा तिथे झिजला आहे. मशीन बंद करून तो वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तरीही दचकत असेल तर बदला. झिजलेल्या रिओस्टॅटवर बारीक सेटिंग लावणे म्हणजे वेळेची नासाडी आहे.

हे सगळे आकडे टिकतात ते इंजिनाचा स्पीड जागेवर असेल तरच. इथे आपल्याकडे एक चुकीची सवय फार पसरली आहे: आर्क मऊ हवा म्हणून रेस कमी करायची. फील्ड स्वतःच्याच व्होल्टेजवर चालणाऱ्या जनरेटरमध्ये स्पीड दहा टक्के उतरला तर व्होल्टेज दहा टक्क्यांवर थांबत नाही, त्याहून जास्त पडते, कारण फील्डही त्याच्याबरोबर दुबळे होते. शिवाय पंख्याची हवा कमी होते, जनरेटर तापतो आणि रॉड टेकला की इंजिन दबते. मऊ आर्क हवा असेल तर तो नॉबवर मिळवायचा. इंजिनाचा स्पीड राखणारा गव्हर्नर त्यासाठी नाही.

चार पोलच्या मशीनला पूर्ण लोडवर साधारण १५०० आरपीएम लागतात, दोन पोलच्याला ३०००. प्लेटवर काय लिहिले आहे ते पाहा. साधा मेकॅनिकल गव्हर्नर लोड आला की चार-पाच टक्के खाली येतो, म्हणून चार पोलच्या मशीनचा रिकामा स्पीड १५६० ते १५८० च्या दरम्यान लावतात. टॅकोमीटर नसेल आणि मशीनला २३० व्होल्टचा एसी सॉकेट असेल, तर मल्टिमीटरच्या हर्ट्झ रेंजवर तो तपासता येतो: रिकामे असताना ५२ ते ५३, पूर्ण लोडवर ५०. सॉकेट डीसी असेल तर टॅकोमीटरशिवाय इलाज नाही. जास्तीत जास्त स्पीडच्या सीलबंद स्क्रूला मात्र हात लावू नका. आर्मेचरची वाइंडिंग ठरावीक स्पीडसाठी बांधलेली असते, त्यावर गेले की बांधणी सुटून फुटते.

चाचणी सोपी आहे. इंजिन दहा मिनिटे गरम करा, ८ मिमीच्या प्लेटवर ४ मिमीचा ७०१८ १६० अँपिअरवर चालवा, आणि दुसऱ्या माणसाला स्पीड बघायला सांगा. १५६० वरून १५०० वर येऊन स्थिर राहिला तर उत्तम. १४५० च्या खाली गेला तर एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर आधी पाहा. गाळपाच्या दिवसांत चिकोडी, रायबाग, अथणी भागात रस्त्याची धूळ आणि कारखान्याची राख इतकी असते की पुस्तकातले तास पाळून चालत नाही, एअर क्लीनर रोज उघडून बघावा. स्पीड वरखाली झोके घेत असेल, तर गव्हर्नरची लिंक सोडून बोटाने हलवा. ती स्वतःच्या वजनाने मोकळी पडली पाहिजे. अडखळत असेल तर पिन झिजली आहे किंवा ग्रीस आणि धूळ मिळून घट्ट झाली आहे. लिंक मोकळी असूनही झोके असतील, तर डिझेल लाइनमध्ये हवा आहे का ते पाहा.

इंजिनाच्या ताकदीचाही हिशेब ठेवा. २०० अँपिअरच्या कामाला आर्कवर साधारण २८ व्होल्ट धरतात, म्हणजे ५.६ किलोवॅट. जनरेटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर इंजिनाकडून ९.३ किलोवॅट, म्हणजे साडेबारा हॉर्सपॉवर लागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. टर्बो नसलेले डिझेल इंजिन दर शंभर मीटरला ढोबळ एक टक्का ताकद गमावते, म्हणजे इथे सात-आठ टक्के गेलेच. त्यात जोडीदाराने त्याच मशीनच्या सॉकेटवर सात इंची ग्राइंडर लावला, की दोन किलोवॅटच्या आसपासचे ओझे एकदम वाढते. आर्क तेवढ्यापुरता बसतो आणि वेल्डरला वाटते आपला हात चुकला. पाइपचा रूट, म्हणजे जोडाचा आतला पहिला थर, चालू असताना ग्राइंडर बंद, असा नियमच करावा.

ऑटो आयडल (काम थांबले की इंजिन आपोआप हळू करणारी सोय) असलेल्या मशीनवर टॅक, म्हणजे जोड जागेवर धरणारे छोटे टाके, मारताना ते बंद ठेवा. रॉड टेकवल्यावर इंजिन स्पीडला यायला दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात टॅक संपलेला असतो. ७०१८ च्या टॅकमध्ये सुईच्या टोकाएवढी भोके दिसली, तर पुष्कळदा हेच कारण असते.

केबलकडे लोक सगळ्यात कमी बघतात. विहिरीजवळ किंवा नदीकाठच्या जॅकवेलजवळ मशीन उभे करून ३० मीटर लांब काम केले, तर जाणारी आणि येणारी मिळून ६० मीटर केबल झाली. ३५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलला एवढ्या लांबीचा प्रतिकार ०.०३ ओहम येतो आणि १३० अँपिअरला जवळजवळ ४ व्होल्ट वाटेतच जिरतात. ७० चौरस मिमीची असेल तर २ व्होल्ट. चार व्होल्ट थोडे वाटतात, पण आर्क आखूड-लांब करण्यात आपण खेळतो तेच पाच-सात व्होल्टमध्ये. शिवाय केबलचा हा प्रतिकार मशीनच्या उतारात मिळतो आणि उतार आणखी तीव्र करतो. म्हणून मशीनजवळ छान लागलेले सेटिंग पाइपच्या दुसऱ्या टोकाला चिकटायला लागते. लांब केबलवर मोठा नॉब एखादा टप्पा वर घ्यावा लागेल हे धरूनच चला. तीन रॉड ओढल्यावर आर्क थांबवून प्रत्येक लगला आणि जोडाला हात लावून बघा. जो जोड केबलपेक्षा गरम लागतो तो ढिला आहे.

अर्थिंगचा क्लॅम्प ट्रॉलीच्या रंगावर, गंजावर किंवा चिखलावर लावू नका, ग्राइंडरने जागा चकचकीत करून जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावा. ट्रॉलीच्या चाकाकडे क्लॅम्प आणि हुकाकडे वेल्डिंग असे केले, तर करंट एक्सलच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो, गोळ्यांवर खड्डे पडतात आणि महिन्याभराने बेअरिंग आवाज करू लागते. ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडलेलाच असेल तर आधी त्याची बॅटरी सोडा.

कार्बन ब्रश अर्ध्याहून कमी उरले की सगळे एकदम आणि एकाच ग्रेडचे बदला. नवा ब्रश बसवताना कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) साध्या सॅंडपेपरची पट्टी खरखरीत बाजू ब्रशकडे करून ठेवा आणि फिरण्याच्या दिशेने ओढा, म्हणजे ब्रशला कम्युटेटरचा गोलवा येतो. एमरी पेपर वापरू नका, त्याची पूड वीजवाहक असते आणि पट्ट्यांच्या मध्ये बसून शॉर्ट करते. चांगल्या कम्युटेटरचा रंग चॉकलेटी आणि सगळीकडे सारखा असतो. पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल तर ब्रश उड्या मारतो. तो साधारण ०.८ मिमी खाली कापून घ्यावा लागतो, आणि ते काम आर्मेचर बांधणाऱ्याकडेच द्यावे. ब्रश उड्या मारत असताना येणारा आर्क फुरफुरतो, आणि कितीही नॉब फिरवले तरी ते फुरफुरणे जात नाही.

पाया ठीक झाला की मग हाताप्रमाणे लावायचे. ७०१८, ३.१५ मिमी, पॉझिटिव्ह होल्डरला: सपाट कामाला ११५ ते १३०, उभ्या जोडाला खालून वर १०० ते ११५ अँपिअर. रॉड दाबून ओढणाऱ्याने रिकामे व्होल्टेज ७० ते ७५ ठेवावे. आर्क थोडा लांब धरून आडवा झुलवणाऱ्याने मात्र ८० ते ९० ठेवावे, कारण त्याच्या हातात आर्कची लांबी सतत बदलते आणि तीव्र उतारावर करंट फारसा हलत नाही. तोच माणूस सपाट उतारावर आला, तर प्रत्येक झुल्याला करंट पंधरा-वीस अँपिअर वरखाली होतो आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. एका मशीनवर दोन वेल्डर आलटून पालटून काम करत असतील तर वाद इथूनच सुरू होतो. दोघांचेही बरोबर असते.

उपसा सिंचनाच्या ५-६ मिमी जाडीच्या पाइपला रूट ६०१० ने मारत असाल, तर रॉड पुढे काढून परत आणण्याच्या, म्हणजे झटका देण्याच्या हाताला ३.१५ मिमीवर ७५ ते ९० अँपिअर पुरतात. फट २.५ ते ३ मिमी, नाक (कडेची न तासलेली जाडी) १.५ मिमी. इथे उतार सपाटच ठेवावा. आर्क आत दाबला की करंट वाढून भोक उघडते, बाहेर काढला की करंट पडून रस गोठतो. आर्कची लांबी हाच तुमचा करंटचा नॉब होतो. हीच गोष्ट तीव्र उतारावर केली तर झटका देऊनही रस थंड होत नाही आणि आत गाठ लोंबते. पण पुढे काढताना आर्क तुटू लागला, तर व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेले आहे, लहान नॉब थोडा वर घ्या. दर वेळी अर्धी रेघ, जास्त नाही.

६०१३ बद्दल फार सांगण्यासारखे नाही. ३.१५ ला १०० ते १३०, पातळ पत्र्यावर होल्डर निगेटिव्हला, उतार तीव्र. तो कुठेही जमवून घेतो, म्हणूनच मशीनचे दोष त्याच्यावर दिसत नाहीत. मशीन तपासायचे तर ७०१८ वरच तपासा.

सकाळी लावलेले सेटिंग दुपारी ढिले पडते अशी तक्रार बरेच जण करतात. कारण साधे आहे. तांब्याचा प्रतिकार दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. फील्डची वाइंडिंग चाळीस अंश तापली की प्रतिकार जवळजवळ १६ टक्के वाढतो, फील्डचा करंट उतरतो आणि रिकामे व्होल्टेज पाच-सात व्होल्टने, कधी त्याहून जास्त, खाली येते. म्हणून सेटिंगची खूण कधीही गार मशीनवर करू नका. अर्धा तास काम झाल्यावर व्होल्टेज पुन्हा मोजा आणि मग खूण करा. थंडीच्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासात लहान नॉब खुणेपेक्षा किंचित खाली लागेल.

मशीन नव्या पद्धतीचे, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे असेल तर हाच उतार आर्क फोर्स नावाच्या नॉबवर मिळतो आणि सुरुवातीचा धक्का हॉट स्टार्टवर. दाबून ओढणाऱ्या हाताला ७०१८ वर आर्क फोर्स मध्यापासून सुरू करून थोडा थोडा वाढवावा. स्पॅटर, म्हणजे उडणारे थेंब, वाढला की एक पाऊल मागे.

खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. उघड्या पाकिटातला ७०१८ ओल धरतो, आर्क तडतडतो, आणि लोक नॉबशी झगडत बसतात. हा रॉड ३५० अंशाला तास-दोन तास भट्टीत भाजावा लागतो, मग १०० ते १२० अंशाला ठेवावा. बल्ब लावलेल्या डब्यात तो फक्त कोरडा राहतो, भाजला जात नाही. ६०१० मात्र कधी भाजू नका, त्याच्या लेपाला थोडा ओलावा लागतोच, वाळला तर आर्कची धार जाते. पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेले मशीन चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग तपासा, पण आधी डायोड आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडून ठेवा. १ मेगाओहमच्या खाली आले तर ऊन आणि कमी दाबाची कोरडी हवा देऊन वाळवा. आणि ओल्या शिवारात उभे राहून ९० व्होल्टचा होल्डर हाताळताना हातमोजे कोरडेच हवेत, पायाखाली फळी हवी. शॉकचा धोका रॉड बदलताना सगळ्यात जास्त असतो, कारण रिकामे व्होल्टेज तेव्हा पूर्ण असते.

सेटिंग जमले की पॅनेलवर पेंट मार्करने खूण करा, पण नुसती रेघ मारू नका. रॉड, दोन्ही नॉबच्या जागा, रिकामे व्होल्टेज, मोजलेला करंट आणि केबलची लांबी, एवढे लिहा: «७०१८, ३.१५, उभा, मोठा ३, लहान ५, ७३ व्होल्ट, १०८ अँपिअर, ३० मीटर.» ब्रश बदलले, गव्हर्नरला हात लावला किंवा केबल बदलली की जुनी ओळ पुसा आणि पुन्हा मोजा. नॉबची जागा जुळते पण व्होल्टेज जुळत नाही असे दिसले, तर नॉब हलवण्याआधी स्पीड तपासा.